थाळी हाताजोगी हवी

पावसाळा ओसरू लागला की शाळाशाळांतून मैदानी स्पर्धांची धांदल सुरू होते. धावणे, उंच उडी, गोळाफेक यांच्या बरोबरीने थाळीफेकीलाही नावे जातात. मग एखाद्या संध्याकाळी मुलगा नाहीतर मुलगी घरी येऊन सांगते, "पप्पा, सरांनी थाळी घ्यायला सांगितली आहे." आईबाप गोंधळून जातात. क्रिकेटची बॅट, फुटबॉल, कॅरमचा स्ट्रायकर सर्वांनी हाताळलेला असतो. थाळी मात्र वस्तीतल्या शंभर घरांत शोधूनही सापडायची नाही. दुकानात जावे तर चार प्रकारच्या थाळ्या समोर येतात. दिसायला सगळ्या सारख्या, वजनही सारखेच, पण भावात मोठा फरक. दुकानदार त्यातली सर्वांत महाग पुढे सरकवून म्हणतो, "मोठे खेळाडू हीच वापरतात." लेकराचे डोळे चमकतात आणि बापाचा हात खिसा चाचपू लागतो.

अशा वेळी काय करावे, याची माहिती देण्यासाठी आजचा हा लेख. सांगायचे मुख्य ते आधीच सांगतो. सर्वांसाठी एकच उत्तम अशी थाळी नसते. ज्याच्या हाताला जी नीट फिरवता येते, ती त्याची चांगली थाळी. मोठ्या खेळाडूची थाळी नवख्या मुलाच्या हातात दिली, तर ती लांब जायची सोडून बहुधा जवळच पडते. पैसे तर जातातच, शिवाय पोराला वाटू लागते की आपल्यातच काही कमी आहे. हे दुसरे नुकसान पहिल्यापेक्षा मोठे आहे.

अथेन्सची गोष्ट

थाळीफेक हा फार जुना खेळ. प्राचीन ग्रीस देशात दगडाच्या, काशाच्या, लोखंडाच्या थाळ्या फेकत असत. त्यांची वजनेही सारखी नसत. १८९६ साली अथेन्स येथे आधुनिक ऑलिंपिक स्पर्धा सुरू झाल्या, तेव्हा हा खेळ पुन्हा मैदानात आला. अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातला रॉबर्ट गॅरेट नावाचा विद्यार्थी त्या स्पर्धेला गेला होता. त्याने थाळी कधी पाहिलेली नव्हती. असे सांगतात की, जुन्या वर्णनांवरून त्याने एका लोहाराकडून थाळी घडवून घेतली. ती भरली जवळजवळ १४ किलो! उचलायलाच जड, फेकणार कशी? त्याने नाद सोडून दिला. पुढे अथेन्सला पोहोचल्यावर त्याला खरी थाळी दिसली. ती अवघी दोन किलोच्या आसपास होती. हातात घेताच त्याला हायसे वाटले, त्याने नाव दिले आणि २९.१५ मीटर फेक करून चक्क पहिला क्रमांक पटकावला.

माणूस तोच, दंडही तेच. चुकीच्या थाळीने त्याला जवळजवळ घरी बसवले होते, आणि योग्य थाळीने तो ऑलिंपिक विजेता झाला. आपल्याकडे किती मुले अशी चुकीच्या थाळीपायी "तुला नाही जमायचे" हे शब्द ऐकून घरी बसत असतील, याचा विचार व्हावा.

वजन आधी पाहा

थाळीचे वजन वयाप्रमाणे आणि मुलगा-मुलगीप्रमाणे ठरलेले असते. आंतरराष्ट्रीय नियमाप्रमाणे पुरुषांची थाळी २ किलोची, २० वर्षांखालील मुलांची पावणेदोन किलोची, १८ वर्षांखालील मुलांची दीड किलोची. महिलांसाठी, तसेच २० व १८ वर्षांखालील मुलींसाठी १ किलो. वजनाप्रमाणे आकारही बदलतो. २ किलोच्या थाळीचा व्यास सुमारे २२ सेंटीमीटर, तर १ किलोच्या थाळीचा सुमारे १८ सेंटीमीटर असतो.

शालेय स्पर्धांत लहान गटांची वजने वेगळी असू शकतात. म्हणून खरेदीला निघण्याआधी शाळेच्या क्रीडाशिक्षकांना त्या वर्षीच्या पत्रकात आपल्या गटासमोर काय वजन छापले आहे, ते विचारून कागदावर लिहून घ्यावे. "मोठी घेऊ, पुढेही चालेल" हा हिशेब शाळेच्या गणवेशाला ठीक आहे, थाळीला नाही. चौदा वर्षांच्या मुलाने दीड-दोन किलोची थाळी फेकायचा हट्ट धरला, तर खांदा आणि कंबर दुखावते आणि फेकण्याची पद्धतही बिघडते. एकदा बिघडलेली पद्धत सुधारायला फार दिवस जातात.

जुनी थाळी घेत असाल, तर ती वाण्याच्या काट्यावर ठेवून पाहावी. वर्षानुवर्षे आपटून, घासून थाळी हलकी झालेली असते. ठरलेल्या वजनाहून हलकी थाळी स्पर्धेत चालत नाही. शिवाय सरावाला हलकी आणि स्पर्धेला पुरी, असे झाले की ऐनवेळी फेक कमी पडते आणि कारण कुणाला कळत नाही.

भावातला फरक कशाचा?

आता वजन सारखे असूनही भावात फरक का, ते पाहू. थाळीचे तीन भाग असतात. बाहेरची गोल धातूची कड, मधला लाकडाचा, प्लॅस्टिकचा किंवा फायबरचा भाग, आणि केंद्रात दोन्ही बाजूंनी बसवलेल्या धातूच्या छोट्या चकत्या. थाळीचे एकूण वजन ठरलेले असते. मात्र त्यातले किती वजन कडेला आणि किती मध्यभागी ठेवायचे, हे कारखानदाराच्या हातात असते. साध्या थाळीत एकूण वजनाचा साधारण ७० ते ७५ टक्के भाग कडेला असतो, मधल्या प्रकारात ८० टक्क्यांच्या आसपास, आणि महाग थाळीत ८५ ते ९० टक्के किंवा थोडा अधिकही. खोक्यावर किंवा थाळीवर यालाच "लो स्पिन" आणि "हाय स्पिन" असे लिहिलेले असते.

याचा परिणाम समजून घ्यायला शिलाई मशीनचे चाक आठवा. जड कडेचे चाक सुरू करायला जोर लागतो, पण एकदा फिरायला लागले की ते सहज थांबत नाही. हलके चाक बोटानेही फिरते, पण लवकर मंदावते. थाळीचे तसेच आहे. वजन कडेला जास्त असेल, तर तिला फिरकी द्यायला हाताचा वेग आणि बोटांची सफाई जास्त लागते. ती फिरकी मिळाली, तर थाळी हवेत शेवटपर्यंत स्थिर राहते आणि लांब जाते. फिरकी मिळाली नाही, तर ती डुगडुगते, कलंडते आणि धप्पदिशी पडते. उलट, मध्यभागी वजन जास्त असलेली थाळी कमी वेगाच्या हातालाही फिरवता येते. ती फार लांब जाणार नाही, पण सरळ आणि स्थिर जाईल.

फिरकीचे महत्त्व भोवरा खेळलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. भोवरा गरगर फिरतो तोवर ताठ उभा राहतो, आणि फिरकी संपत आली की डुलून आडवा होतो. थाळी म्हणजे हवेतून जाणारा भोवराच. म्हणून थाळी निवडताना "माझ्यात ताकद किती?" या प्रश्नाच्या आधी "माझ्या हातून फिरकी किती निघते?" हा प्रश्न विचारायचा असतो.

फेकण्याच्या पद्धतीप्रमाणे निवड

सर्वसाधारणपणे फेकणारे तीन प्रकारचे दिसतात.

पहिला, नवखा. तो अजून जागेवर उभा राहूनच फेकतो, किंवा अर्धे वळण घेतो. थाळी कधी तर्जनीवरून सुटते, कधी सगळी बोटे एकदम सुटतात. अशा मुलाला किंवा मुलीला साधी, कमी कडवजनाची थाळी द्यावी. प्लॅस्टिकची किंवा लाकडाची, कोणतीही चालेल. पहिली एक-दोन वर्षे याहून जास्त खर्च करायचे कारण नाही.

दुसरा, दंडाने बळकट पण अंगाने संथ. गोळाफेकीतून आलेली मुले बहुधा अशी असतात. त्यांच्या हातात जोर असतो, पण वर्तुळात ती हळू वळतात आणि थाळीला ढकलतात. दुकानदार यांचे दंड पाहून लगेच महाग थाळी काढतो. तो मोह टाळावा. यांना मधल्या प्रकारची थाळी बरी. ढकलण्याची सवय मोडून हात लांब, मोकळा फिरू लागला की मग पुढचा विचार करावा.

तिसरा, चपळ आणि सरावलेला. अडीच मीटर व्यासाच्या वर्तुळात दीड गिरकी घेतो, पाय आधी आणि हात मागून येतो, आणि थाळी दर वेळी तर्जनीच्या टोकावरून सुटते. याच्याच हाती जास्त कडवजनाची थाळी शोभते. असा मुलगा अंगाने सडपातळ असला तरी बिघडत नाही. मात्र दहापैकी आठ फेकी स्वच्छ, न डुगडुगता जात असतील, तरच ही पायरी चढावी. एखादी फेक लांब गेली म्हणून घाई करू नये.

डावखुऱ्या मुलांसाठी थाळी वेगळी लागत नाही. उजव्या हाताने फेकणाऱ्याची थाळी वरून पाहिली तर घड्याळाच्या काट्यांप्रमाणे फिरते, डावखुऱ्याची उलट दिशेने. नियम दोघांना सारखाच.

विकत घेण्याआधी तीन परीक्षा

दुकानात उभे राहून थाळी पारखता येत नाही. तालुक्याच्या मैदानावर, मोठ्या शाळेत किंवा एखाद्या प्रशिक्षकाकडे दोन-तीन प्रकारच्या थाळ्या असतात. विनंती केली तर अर्धा तास हाताळायला बहुधा मिळतात. तिथे या परीक्षा घ्याव्यात.

पहिली परीक्षा पकडीची. थाळी मूठ आवळून धरायची नसते. चार बोटांची फक्त शेवटची पेरे कडेवर यावीत, अंगठा वरच्या सपाट भागावर नुसता टेकलेला असावा आणि तळहात सैल. हात खाली सोडून हळूहळू मागे-पुढे झुलवावा. थाळी निसटेल अशी भीती वाटून बोटे आकडत असतील, तर ती थाळी त्या हाताला मोठी किंवा जड आहे. लहान पंजाच्या मुलांनी तर्जनी आणि मधले बोट जवळ ठेवून पाहावे, कित्येकदा तेवढ्यानेच पकड बसते.

दुसरी परीक्षा घरंगळण्याची. खाली वाकून थाळी उभी धरावी आणि चेंडू सरपटत टाकावा तशी जमिनीवरून सोडावी. शेवटचा स्पर्श तर्जनीचा हवा. थाळी सरळ रेषेत दहा-पंधरा पावले घरंगळत गेली तर फिरकी नीट मिळते आहे. लगेच वेडीवाकडी होऊन आडवी पडली, तर एकतर सराव कमी आहे किंवा त्या थाळीची कड हाताला भारी आहे. प्रत्येक थाळी दहा वेळा घरंगळवून पाहावी.

तिसरी परीक्षा उभ्या फेकीची. गिरकी न घेता जागेवरून प्रत्येक थाळी सहा वेळा फेकावी. एकाने बाजूला, लांब उभे राहून अंतरापेक्षा थाळीची चाल पाहावी. ती ताटासारखी सपाट, शांत जाते की पाखरासारखी फडफडते? सहापैकी चार-पाच वेळा शांत जाणारी थाळी निवडावी, मग तिचा भाव काही असो. अनुभव असा की, नवख्यांच्या बाबतीत ती बहुतेक वेळा स्वस्तातलीच निघते.

एका मुलीची हकीकत

एका वस्तीतल्या मंडळाने मोठ्या हौसेने वर्गणी काढून मुलांसाठी क्रीडासाहित्य घेतले. त्यात एक "आंतरराष्ट्रीय" म्हणून विकलेली, चकचकीत, जड कडेची १ किलोची थाळी होती. नववीतली एक मुलगी शाळेच्या जुन्या लाकडी थाळीने चांगली फेक करायची. आई चार घरची धुणीभांडी करते, वडील नाक्यावरचे बिगारी. मंडळाच्या लोकांनी तिला बोलावून कौतुकाने नवी थाळी हातात दिली. पंधरा दिवस सराव झाला आणि तिची फेक वाढायची सोडून चार पावले मागे आली. मग बोलणी सुरू झाली. "लक्ष नाही अभ्यासात आणि खेळातही." "मुलीची जात, कितीसा जोर असणार?" पोर रडकुंडीला आली आणि नाव काढून घ्यायला निघाली.

एक निवृत्त क्रीडाशिक्षक सहज मैदानावर आले होते. त्यांनी तिच्या दोन फेकी पाहिल्या आणि विचारले, "बाळ, तू आधी कोणत्या थाळीने फेकत होतीस?" जुनी लाकडी थाळी आणवली. तिसऱ्याच फेकीला चार पावले भरून निघाली. त्यांनी मंडळाच्या लोकांना एवढेच सांगितले की, नवी थाळी चांगली आहे, ती जपून ठेवा, ही पोर दोन वर्षांनी तिच्या लायकीची होईल. मुलीने नाव काढले नाही. जुन्या थाळीनेच ती तालुक्याला गेली.

मंडळाचा हेतू वाईट नव्हता. पण महाग ते चांगले आणि मोठ्यांचे ते आपले, हा समज पक्का बसलेला असतो. त्याचा दंड पोरांना, आणि त्यातही पोरींना आधी भरावा लागतो.

लाकूड, प्लॅस्टिक की लोखंड?

प्लॅस्टिकच्या अंगाची थाळी पाण्याने फुगत नाही आणि आपटली तरी सहसा तडकत नाही. आपल्या पावसाळी हवेत आणि खडकाळ मैदानात नवख्यांसाठी तीच सोयीची. लाकडी थाळी हाताला छान बसते, घाम आला तरी कमी निसटते. मात्र ती ओल्या गवतात पडून राहिली की लाकूड फुगते आणि कडेशी फट पडते. मैदान अगदीच टणक असेल किंवा शाळेच्या अंगणात सराव करायचा असेल, तर पूर्ण रबरी थाळी मिळते. ती स्पर्धेची नव्हे, सरावाची.

कोणतीही थाळी घेताना कडेवरून बोट फिरवून पाहावे. कुठे खरवड, टोक किंवा धार लागता कामा नये. नियमालाही ते मान्य नाही आणि बोटही कापते. मधल्या चकत्या आणि स्क्रू घट्ट आहेत ना, हलवल्यावर आत काही खुळखुळत नाही ना, हे पाहावे. सराव संपला की कोरड्या फडक्याने पुसून कडेला तेलाचा हलका हात द्यावा, म्हणजे गंज चढत नाही. फेकण्याआधी ते तेल मात्र पुसून टाकावे. घाम येणाऱ्या हाताला खडूची पूड लावता येते. बोटांना पट्टी गुंडाळून ती एकमेकांना बांधणे नियमात बसत नाही.

वाऱ्याचे गणित आणि थोर खेळाडू

थाळीफेकीत समोरून येणारा वारा मदत करतो, हे ऐकून पुष्कळांना नवल वाटते. थाळी पंखासारखी हवेवर तरंगते, आणि समोरची हवा तिला खालून उचलून धरते. पुरुषांचा ७४.०८ मीटरचा विश्वविक्रम पूर्व जर्मनीच्या युर्गेन शुल्ट यांनी १९८६ साली केला होता. तो जवळजवळ ३८ वर्षे टिकला. लिथुआनियाच्या मिकोलास अलेक्ना या तरुणाने एप्रिल २०२४ मध्ये अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्यात, वाऱ्यासाठी प्रसिद्ध असलेल्या रमोना येथील मैदानावर ७४.३५ मीटर फेक करून तो मोडला आणि एप्रिल २०२५ मध्ये त्याच ठिकाणी ७५.५६ मीटरपर्यंत मजल मारली. पण हा वाराही स्वच्छ फिरकी असलेल्या थाळीलाच साथ देतो. डुगडुगणारी थाळी समोरच्या वाऱ्यात आणखी लवकर पडते. म्हणून नवख्याने वाऱ्याच्या दिवशी तरी साधीच थाळी घ्यावी.

आपल्या देशालाही या खेळात मान आहे. दूरदर्शनवरच्या "महाभारत" मालिकेतला भीम सर्वांना आठवत असेल. ते प्रवीणकुमार सोबती सीमा सुरक्षा दलात होते आणि १९६६ व १९७० या दोन्ही आशियाई स्पर्धांत थाळीफेकीचे सुवर्णपदक त्यांनी मिळवले होते. २०१० साली दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत कृष्णा पुनिया यांनी ६१.५१ मीटर फेक करून सुवर्ण मिळवले, तेव्हा त्या एका मुलाच्या आई होत्या. त्या दिवशी रौप्य हरवंत कौर यांना आणि कांस्य सीमा अंतिल यांना, म्हणजे तिन्ही पदके भारतीय महिलांना मिळाली. २०१४ साली ग्लासगो येथे विकास गौडा यांनी पुरुषांचे सुवर्ण घेतले. योगेश कथुनिया यांनी टोकियो आणि पॅरिस या दोन्ही पॅरालिंपिक स्पर्धांत, बसून फेकण्याच्या गटात रौप्यपदक मिळवले. "मुलीची जात, कितीसा जोर" म्हणणाऱ्यांनी आणि अपंग मुलाला खेळाच्या तासाला वर्गात बसवून ठेवणाऱ्यांनी ही नावे लक्षात ठेवावीत.

जिवाची काळजी

थाळी हे खेळणे नाही. एक किलोची थाळी डोक्यात बसली तर जीव जाऊ शकतो. स्पर्धेत वर्तुळाभोवती जाळी असते, वस्तीच्या मैदानात ती नसते. म्हणून काही नियम कडकपणे पाळावेत. फेकणाऱ्याच्या मागे आणि दोन्ही बाजूंना कुणी जवळ उभे राहू नये, कारण नवख्याची थाळी कुठेही सुटते. समोरचे मैदान पूर्ण मोकळे असल्याशिवाय फेकू नये. सगळ्यांच्या फेकी झाल्यावरच थाळ्या आणायला जावे. आणलेली थाळी हातात घेऊन चालत यावे, तिकडून परत फेकू नये. क्रिकेट चालू असलेल्या मैदानात थाळीफेक नको. लहान भावंडे सोबत आली असतील, तर एका मोठ्याने त्यांच्याकडेच लक्ष द्यावे. घरातले स्टीलचे ताट किंवा पत्र्याची चकती थाळी म्हणून कधीही फेकू नये, तिची कड सुरीसारखी लागते.

थाळी नसली तरी सराव अडत नाही. सायकलच्या जुन्या टायरने गिरकीचा सराव छान होतो, आणि रिकाम्या हातानेही पायांची ठेवण घटवता येते. शेवटी फेक पायांतून येते.

खर्चाचा हिशेब

आता हिशेबाचे बोलू. स्पर्धेच्या दिवशी थाळ्या बहुधा आयोजकच देतात. मोठ्या स्पर्धांत स्वतःची थाळी नेली, तर ती तपासून घ्यावी लागते आणि मान्य झाल्यावर इतर खेळाडूंनाही वापरायला खुली ठेवावी लागते. म्हणजे स्वतःची महाग थाळी असल्याने स्पर्धेत वेगळा फायदा मिळेल, हा भ्रम आहे. घरची थाळी लागते ती सरावासाठी. तेव्हा एकेका घराने एकेक थाळी घेण्यापेक्षा चार-पाच घरांनी किंवा मंडळाने मिळून दोन साध्या आणि एक मधल्या प्रकारची थाळी घ्यावी. वहीत नोंद ठेवावी, कोण घेऊन गेले आणि कधी परत आणली. उरलेल्या पैशांत मुलांना बरे बूट आणि सरावानंतर दोन अंडी, मूठभर शेंगदाणे मिळाले, तर त्याचा उपयोग थाळीच्या कडेपेक्षा जास्त होतो.

आणखी एक गोष्ट कागदपत्रांची. तालुका, जिल्हा, विभाग, राज्य, ज्या पातळीवर मूल खेळेल तिथले प्रमाणपत्र त्याच दिवशी मागून घ्यावे. नाव, जन्मतारीख, क्रमांक, सही-शिक्का बरोबर आहे ना ते तिथेच तपासावे. राज्य शासनाच्या नोकरभरतीत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे आणि दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुणही मिळतात. मात्र कोणत्या पातळीचे कोणते प्रमाणपत्र चालते याचे नियम ठरलेले आहेत आणि क्रीडा विभागाकडून पडताळणी करून घ्यावी लागते. त्याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात आधीच करावी. नावातल्या एका अक्षराच्या चुकीसाठी पुढे हेलपाटे घालणारी मुले दर भरतीच्या वेळी दिसतात.

तेव्हा पालकांनो, पोराने थाळी मागितली तर रागावू नका आणि घाईने दुकानातही धावू नका. रविवारी सकाळी त्याच्याबरोबर मैदानावर जा. त्याची थाळी कशी सुटते ते बाजूला उभे राहून पाहा, दहा वेळा घरंगळवायला सांगा, आणि क्रीडाशिक्षकांना दोन प्रश्न विचारा: वजन किती आणि कड कशी? एवढे केले की कोणती थाळी घ्यायची, ते मुलाचा हातच तुम्हाला सांगेल.